धरलेली मान आणि हाताचा इलाज

वऱ्हाडात मान धरली की पहिला उपाय मानेवर होत नाही, उशीवर होतो. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळेनाशी झाली, की घरातली जुनी माणसे रात्रीची उशी उचलून उन्हात टाकायला सांगतात. अकोल्याचे ऊन पाहता उशी न तापण्याचा प्रश्न येत नाही, आणि बऱ्याचदा मानही सुटते. श्रेय उन्हाचे की काळाचे, हे मात्र कोणी विचारत नाही. मानदुखीवरच्या साऱ्याच इलाजांना, अगदी पदवीधर हातांनी केलेल्यांनाही, हाच प्रश्न विचारावा लागतो. एकाएकी आखडलेली साधी मान पुष्कळदा आठवडाभरात आपोआप मोकळी होते. त्या आठवड्यात जो कोणी काही करील, यश त्याच्या खात्यावर जमा होते.

उशीनंतर पाळी येते हाताची, आणि अमरावती-अकोल्याकडे हे हात तऱ्हेतऱ्हेचे आहेत. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, ही समजूत अजून गावोगाव आहे. तिथे तर हाताऐवजी पायच कामी येतो. दाढी-कटिंग झाल्यावर चंपी करून शेवटी मान दोन्हीकडे कटकन मोडून देणारा कारागीर आहे. लचकलेले, मुरगळलेले बसवणारा हाडवैद्य आहे. तालमीत अंग रगडून देणारा वस्ताद आहे. अमरावतीच्या विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालयात गेले तर वैद्य आहे. आणि आता पाटीवर मणक्याचे चित्र रंगवलेला फिजिओथेरपिस्टही आहे. या सगळ्यांत मान नेमकी कोणाच्या हाती द्यावी, त्या हाताने काय करावे आणि त्यातले किती खरेच उपयोगी ठरले आहे, याबद्दल गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरेच काही कळले आहे. ते कळलेले वऱ्हाडातल्या माणसाच्या कितपत कामाचे, हा त्यापुढचा आणि जास्त महत्त्वाचा भाग.

अमरावतीत या विद्येचा माग काढायचा तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे वळून पाहावे लागते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हे मंडळ सुरू केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कुस्तीच्या आखाड्यात मान कमवावी लागते. डोके आणि पाय टेकवून कमान करायची, जोडीदाराने मानेवर दिलेला रेटा झेलायचा, मग तेल लावून रगडून घ्यायचे. मेहनत आणि मालीश तिथे वेगळी काढता येत नाहीत. युरोपातही गोष्ट अशीच सुरू झाली. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची जी संस्था काढली, तिथे कवायत, मर्दन आणि सांधे हलवण्याची कला एकाच छताखाली शिकवली जाई. आजच्या फिजिओथेरपीची वंशावळ तिथपर्यंत नेली जाते. भारतात या विषयाचे औपचारिक शिक्षण स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. म्हणजे आखाडा आणि दवाखाना यांचे नाते वाटते त्याहून जवळचे आहे. नंतरच्या काळात दवाखान्याने मालीश ठेवली आणि मेहनत मागे टाकली, तिथे थोडी गडबड झाली.

आयुर्वेदात आखडलेल्या मानेला मन्यास्तंभ म्हणतात. सुश्रुताने त्याच्या कारणांत दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे-उभे राहणे आणि वर टक लावून पाहणे यांची गणना केली आहे. उपचारात अभ्यंग, शेक, नस्य आणि ग्रीवाबस्ती येते. ग्रीवाबस्तीसाठी रुग्णाला पालथे झोपवून मानेवर उडदाच्या पिठाचे आळे करतात आणि त्यात कोमट तेल भरून ठेवतात. सुश्रुताच्या काळी दोष वर पाहण्याचा होता, हल्ली तो मोबाइलवर खाली पाहण्याचा मानला जातो. मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, असे एक चित्र समाजमाध्यमांवर फिरत असते. तो आकडा २०१४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, जिवंत माणसांच्या दुखण्यातून नव्हे. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांना तपासले, तेव्हा फोनवर वाकण्याची पद्धत आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही. आईबापांना पोरांवर ओरडायला दुसरे कारण शोधावे लागेल.

ज्या मानदुखीबद्दल इथे बोलायचे, तिला डॉक्टर 'मेकॅनिकल' म्हणतात. गाठ, जंतुसंसर्ग, मोडलेले हाड किंवा संधिवातासारखा अंगभर पसरणारा आजार नाही, आणि दुखणे हालचालीने, बसण्या-उठण्याने कमी-जास्त होते, अशी ही मान. मानदुखीच्या रुग्णांत हाच वर्ग सर्वांत मोठा. जगभरचा २०२० चा अंदाज असा, की २० कोटी ३० लाख लोकांना मानदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या २६ कोटी ९० लाखांवर जाईल.

वऱ्हाडात ही माणसे कोण? शहरात संगणकापुढे बसणारे आहेतच. पण दसरा-दिवाळीपासून कापूस वेचायला जाणाऱ्या बायांकडे पाहा. दिवसभर वाकून वेचायचे, कमरेची ओटी भरत जायची, आणि संध्याकाळी गाठोडे किंवा सरपण डोक्यावर घेऊन घरी. फवारणीच्या दिवसांत १६ लिटरचा पंप पाठीवर. त्याचे पट्टे खांद्यात रुततात आणि मान पुढे ताणून धरावी लागते. बाजार समित्यांच्या आवारात आणि अकोल्याच्या डाळ मिलमध्ये पोती वाहणारे हमाल आहेत. डोक्यावरच्या ओझ्याने मानेचे काय होते, याचा एक जुना अभ्यास घानाच्या आक्रा शहरातला आहे. ओझे वाहणारे ३५ आणि न वाहणारे ३५ यांचे एक्स-रे काढले. वाहणाऱ्यांपैकी ३१ जणांच्या मानेच्या मणक्यांत झीज दिसली, न वाहणाऱ्यांत ८ जणांच्या. अभ्यास लहान आहे, पण तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

दुचाकीवरचे धक्के हा आणखी एक भाग. अमरावती-अकोला महामार्ग कित्येक वर्षे इतका वाईट होता, की गाडीवर मूर्तिजापूर गाठेपर्यंत मान आणि कंबर दोन्ही आपले अस्तित्व जाणवून देत. त्याच मार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना भागात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. मानदुखीचे रुग्ण त्याने किती घटले, हे कोणी मोजलेले नाही. विक्रमाच्या यादीत तो रकाना नसतो.

एक्स-रेतली झीज म्हणजेच दुखणे, असे मात्र समजू नये. इथे 'गॅप' येतो. वऱ्हाडातच काय, सगळ्या महाराष्ट्रात रुग्ण सांगतो, "मणक्यात गॅप पडला हाय म्हणे." खरे तर त्या चित्रात बहुधा उलटेच असते, दोन मणक्यांमधली चकती बसकी होऊन अंतर कमी झालेले असते. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश होते. चित्र घाबरवते, नाव त्याहून घाबरवते. घाबरलेला माणूस मान हलवायची थांबवतो, गळ्यात पट्टा बांधतो, महिनोन्‌महिने तो काढत नाही, आणि स्नायू आणखी दुबळे होतात. मानेचे मणके म्हणजे उतरंड नव्हे, की एक मडके सरकले की सगळी डगमगावी. ते अस्थिबंध आणि स्नायूंनी घट्ट आवळलेले असतात, सहजासहजी जागचे हलत नाहीत. साहजिकच, कोणाच्या हाताने ते 'जागेवर बसतात' हा दावाही टिकत नाही.

मग हात करतो तरी काय?

सगळ्यात हळुवार प्रकार ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे मणक्यांवरचे पुस्तक १९६४ चे. रुग्ण पालथा झोपतो, उपचार करणारा दोन्ही अंगठे मानेतल्या दुखऱ्या सांध्यावर ठेवतो आणि लयीत दाबतो, सेकंदाला दोनेक झोके. झोक्यांना चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन दुखणे शमवायला, पुढच्या दोन ताठरपणा घालवायला. त्यापुढे पाचवी पायरी असते ती झटक्याची. सांधा त्याच्या हालचालीच्या टोकाला नेऊन अगदी कमी अंतराचा, पण वेगवान धक्का द्यायचा. कटकन आवाज येतो तो इथेच. न्हाव्याच्या खुर्चीतला आवाज तोच, फरक हाताच्या शिक्षणाचा आणि आधी केलेल्या तपासणीचा.

हा आवाज हाडावर हाड घासल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणद्रवात दाब अचानक कमी होऊन पोकळी तयार होते, तेव्हा तो उमटतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटे मोडताना एमआरआय चालू ठेवून ही पोकळी प्रत्यक्ष टिपली. एकदा मोडलेला सांधा मग वीसेक मिनिटे पुन्हा वाजत नाही. आवाजाने समाधान वाटते, पण आवाज आला म्हणजे इलाज लागू पडला असे सिद्ध झालेले नाही.

न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांची रीत वेगळी. तिच्यात रुग्ण बसलेला असतो आणि मान स्वतःच वळवतो. तो वळत असताना फिजिओथेरपिस्ट मणक्याला डोळ्यांच्या रेषेत हलका रेटा देतो. अट एकच, करताना दुखता कामा नये. दुखले तर जागा किंवा दिशा चुकली असे समजून बदलायची. या रीतीचा मोठा गुण म्हणजे ती घरी नेता येते. टॉवेलची कड किंवा पट्टी मानेच्या वरच्या भागाला लावायची, दोन्ही टोके पुढे धरायची आणि अडलेल्या बाजूला वळताना एका टोकाने ओढ द्यायची. मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या ३२ रुग्णांवर ही घरगुती रीत २००७ मध्ये तपासली गेली, तेव्हा खोटी ओढ देणाऱ्या गटापेक्षा खऱ्या गटाची डोकेदुखी महिन्याने कमी होती आणि वर्षभराने सुद्धा. वऱ्हाडात ज्याच्या खांद्यावर पंचा आहे त्याच्याकडे या उपचाराचे साहित्य आहे. ओढ कुठे नि किती द्यायची हे एकदा कोणी हात धरून दाखवावे लागते, एवढेच.

स्नायूंवरचे प्रकार आणखी आहेत. खांद्याच्या वरच्या कडेला बोटाखाली लागणारी दुखरी गाठ मिनिटभर दाबून सोडणे हा एक. दुसऱ्यात उपचार करणारा डोक्याला हात लावतो, रुग्ण त्या हाताविरुद्ध अगदी थोड्या जोराने, पाच-सात सेकंद रेटतो, मग सैल सोडतो; सैल पडताच मान आधीपेक्षा थोडी पुढे जाते. चार-पाच वेळा केले की वळणाची कक्षा वाढते. मुंग्या येत हातात खाली उतरणारे दुखणे असेल, तर मान बाजूला सरकवून शीर मोकळी करण्याची तऱ्हा वापरतात.

आणि एक प्रकार असा, जो रुग्णाला चकित करतो: दुखते मान, पण हात जातो पाठीवर. छातीच्या मागच्या, वरच्या मणक्यांना झटका देतात आणि मान हलकी वाटू लागते. यात मानेतल्या रक्तवाहिन्यांना हात लागत नाही, म्हणून जोखीम कमी. परदेशी मार्गदर्शक सूचनांत तो मान्य झाला आहे, पण आपल्याकडे त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मान दुखत असताना पाठ दाबून घेतली तर पैसे वाया गेले, असे वाटणारे रुग्ण असतात, हे त्याचे एक कारण असावे.

या सगळ्यांचा परिणाम होतो कसा, याचे आजचे स्पष्टीकरण मज्जासंस्थेत शोधले जाते. सांध्यावरचा दाब आणि हालचाल यांमुळे पाठीच्या कण्यात आणि मेंदूत दुखण्याचे संदेश काही काळ मंदावतात, स्नायूंची पकड सैल होते. त्यात भर पडते स्पर्शाची आणि विश्वासाची. कोणीतरी नीट ऐकून घेतले, हात ठेवून नेमकी जागा शोधली, एवढ्यानेही दुखणे उतरते. यात फसवणूक नाही, पण परिणाम तासाचा की महिन्याचा हे पाहायला हवे.

ते पाहिले गेले आहे. मानेवरच्या हस्तोपचारांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा ५१ चाचण्या आणि २,९२० रुग्णांचा आहे. त्यातून निघालेली मोठी गोष्ट अशी, की मानेला झटका देणे आणि हळुवार झोके देणे यांचा दुखण्यावरचा परिणाम साधारण सारखाच. सिडनीत १८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत झटक्याच्या गटाला बरे व्हायला सरासरी ४७ दिवस लागले, झोक्याच्या गटाला ४३. मग जास्त जोखमीचा झटका मानेला कशासाठी, या प्रश्नाला त्याच्या पुरस्कर्त्यांकडे पटेल असे उत्तर नाही.

नेदरलँड्समधली २००२ ची चाचणी हस्तोपचाराच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितली जाते. रुग्ण १८३. एका गटाला आठवड्यातून एकदा हाताचा, झटका नसलेला इलाज. दुसऱ्याला मुख्यतः व्यायाम असलेली फिजिओथेरपी. तिसऱ्याला नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला आणि गोळ्या. सात आठवड्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६८.३, ५०.८ आणि ३५.९ टक्के. खर्चाचा हिशेब मांडला तर हाताचा इलाज इतर दोघांच्या साधारण तिसऱ्या हिश्शात आटोपला होता. वर्ष सरेपर्यंत मात्र तिन्ही गटांतली दरी पुष्कळ बुजली.

वऱ्हाडासाठी याहून बोलकी चाचणी अमेरिकेतली आहे, २०१२ ची. मानदुखीचे २७२ रुग्ण, तीन गट. पहिल्याला बारा आठवडे मणक्यांवरचा हस्तोपचार, सरासरी पंधराच्या आसपास भेटी. दुसऱ्याला औषधे. तिसऱ्याला फक्त दोन भेटी. त्यांत मान आणि खांद्याच्या सोप्या हालचाली शिकवल्या आणि त्या दिवसातून सहा-आठ वेळा घरी करायला सांगितल्या. हस्तोपचार औषधांपेक्षा सरस ठरला. पण घरचा व्यायाम त्याच्या तोडीस तोड निघाला. पंधरा भेटी एकीकडे, दोन भेटी दुसरीकडे, आणि निकाल जवळजवळ एकच.

दर्यापूर किंवा अंजनगावच्या आसपासच्या खेड्यातून अमरावतीला 'दहा सिटिंग' घ्यायला येणाऱ्या बाईचा हिशेब यात घालून पाहावा. प्रत्येक सिटिंगला एसटीचे तिकीट, दिवसाची बुडालेली वेचणी, बरोबर येणाऱ्याचा रोज. मेळघाटातल्या धारणीहून यायचे तर घाट उतरण्यातच दिवस जातो, आणि खड्ड्यांनी मान पुन्हा आखडते ती वेगळी. अशा रुग्णाला तिसऱ्या-चौथ्या सिटिंगनंतर थोडे बरे वाटते आणि ती येणे बंद करते. कागदावर तिची नोंद 'उपचार अर्धवट सोडला' अशी होते. खरे तर अर्धवट तिने सोडलेला नसतो, तिला परवडेल असा तो आखलाच गेलेला नसतो.

त्यातून सिटिंगमध्ये होते काय, हेही पाहण्यासारखे. पुष्कळ ठिकाणी शेक, मग 'मशीन लावणे', म्हणजे विजेचे झिणझिणणारे चटके किंवा अल्ट्रासाउंड, मग वजन लावून मान ताणणे, आणि अर्ध्या तासात पुढचा रुग्ण. मानेला ताण देण्याच्या उपचाराचा पुरावा मिश्र आहे, अल्ट्रासाउंडचा तर कमकुवतच. यंत्राला मात्र रुतबा आहे. हाताने दाबून, दोन हालचाली शिकवून घरी पाठवले तर "काहीच केलं नाही" अशी कुरकुर होते, आणि ही कुरकुर सहन करण्यापेक्षा यंत्राचे बटण दाबणे सोपे पडते. दोष एकट्या फिजिओथेरपिस्टचा म्हणता येत नाही.

घरी करायच्या व्यायामात जड काही नाही. उताणे झोपून हनुवटी गळ्याकडे किंचित ओढायची, 'हो' म्हटल्यासारखी, आणि दहा सेकंद धरायची. यात मानेच्या आतले, कण्याला लागून असलेले स्नायू कामाला लागतात. दुखऱ्या मानेत नेमके तेच सुस्तावलेले असतात. मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या २००२ च्या चाचणीत हाताचा इलाज आणि हा व्यायाम, दोन्हींचा फायदा वर्षभर टिकला. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांना रबरी पट्टी ओढण्याचा व्यायाम दिला, काहींना रोज दोन मिनिटे, काहींना बारा. दहा आठवड्यांनी दोन मिनिटेवाल्यांचे दुखणेही बारा मिनिटेवाल्यांइतकेच उतरले होते. दोन मिनिटे म्हणजे चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ.

फिजिओथेरपिस्टांच्या अमेरिकी संघटनेने २०१७ मध्ये सुधारलेल्या सूचनांचा रोख असाच आहे. हाताने मान सैल करायची आणि त्या सैलपणाचा फायदा घेऊन लगेच व्यायाम बसवायचा. दोन्ही एकत्र असतील तर परिणाम अधिक खात्रीचा, नुसत्या हातावर भिस्त ठेवली तर तो विरतो. तालमीतल्या वस्तादाला हे सांगायला कोणी लागले नसते.

आता कोणाच्या मानेला हात लावू नये, याबद्दल. ही यादी उपचारापेक्षा आधी यायला हवी, आणि चांगला फिजिओथेरपिस्ट ती आधी घेतोच. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग डोक्यात यायलाच हवा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्या हाडदुखीला साधी उसण समजून रगडता येत नाही. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण. जुन्या संधिवातात मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. गाडीवरून पडल्यानंतरची मान एक्स-रेशिवाय कोणीच वळवू नये. यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचे. अमरावतीचे इर्विन रुग्णालय किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय अशा ठिकाणी ही तपासणी होऊ शकते.

झटक्याची सर्वांत मोठी भीती मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची. तिचे अस्तर फाटले तर पक्षाघात होऊ शकतो. असे किती वेळा होते याचे अंदाज एकमेकांपासून फार दूर आहेत, पण घटना विरळ आहेत एवढे सगळ्यांना मान्य. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात नऊ वर्षांतल्या अशा ८१८ पक्षाघातांचा अभ्यास झाला. तरुण रुग्णांत मान मोडून देणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे आधी गेल्याचा संबंध दिसला, पण साध्या डॉक्टरांकडे आधी गेल्याचाही तितकाच दिसला. अर्थ असा काढला गेला, की काहींची धमनी आधीच फाटू लागलेली असते आणि त्या दुखण्यापायीच ते कोणाकडे तरी जातात. याने झटका निर्दोष ठरत नाही. उलट, 'अशी मानदुखी यापूर्वी कधीच झाली नव्हती' असे सांगणाऱ्या, सोबत चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे असलेल्या रुग्णाच्या मानेला त्या दिवशी कोणीही हात लावू नये, हे त्यातून निघते. हस्तोपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांच्या जागतिक महासंघाने ही तपासणी कशी करावी याची चौकट २०१२ मध्ये आखली आणि २०२० मध्ये सुधारली.

न्हाव्याच्या खुर्चीत ही चौकट नसते. गुरुग्रामच्या एका रुग्णालयात २०१७ मध्ये दिल्लीचा एक गृहस्थ दाखल झाला होता. केस कापल्यावर मान मोडून घेतली आणि श्वासाचा पडदा हलवणाऱ्या दोन्ही नसा दुखावल्या. त्याला यंत्रावर श्वास घ्यावा लागला. असे हजारात एखाद्याचेही होत नाही. पण ज्या आवाजाने दुखणे बरे होत असल्याचा पुरावा नाही, त्या आवाजासाठी एवढीही जोखीम कोणी का घ्यावी? चंपी खुशाल घ्यावी, मोडण्याच्या वेळी हात वर करून थांबवावे. कारागीर रागावत नाहीत.

मोबाइलवर मात्र हा आवाज विकला जातो आहे. मान कटकन मोडताना माइक जवळ धरलेल्या चित्रफिती लाखोंनी पाहिल्या जातात, आणि त्या पाहून झटका देणारे नवे हात तयार होतात. कायरोप्रॅक्टिक ही विद्या डॅनिएल पामर याने १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी सुरू केली. त्याचा दावा एका बहिऱ्या माणसाची पाठ दाबून त्याला ऐकू आणल्याचा होता, यावरून तिच्या सुरुवातीच्या महत्त्वाकांक्षेची कल्पना यावी. तिच्यासाठी भारतात कायद्याने नेमलेली स्वतंत्र परिषद नाही. फिजिओथेरपीचे तसे नाही. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा आहे, देशपातळीवर २०२१ चा कायदा आला. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर इंटर्नशिप. मानेवर हात ठेवू देण्यापूर्वी परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणे रुग्णाला अवघड वाटते. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र वाचायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

या लेखात आलेल्या बहुतेक चाचण्या नेदरलँड्स, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथल्या. डेन्मार्कचे रुग्ण तर सरळ कार्यालयात बसणारे. त्यांच्या मानेवर ओझे नव्हते आणि उपचार चालू असताना त्यांचा रोज बुडत नव्हता. त्यांना दोन मिनिटांचा व्यायाम पुरला म्हणून डोक्यावर गाठोडे वाहणाऱ्या बाईलाही पुरेल, असे गृहीत धरता येत नाही. तिच्या बाबतीत ओझ्याचाही विचार करावा लागेल. गाठोडे दोन खेपांत न्यायचे, पंपाचे पट्टे रुंद आणि मऊ करायचे, वेचताना दर तासाला उभे राहून पाठ मागे ताणायची, हे उपचाराचेच भाग.

वऱ्हाडाची स्वतःची चाचणी मात्र इथेच करता येईल. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीत नवे शासकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीच होते. वेचणीच्या हंगामात तालुक्याच्या रुग्णालयांत मान घेऊन येणाऱ्या बायांचे दोन गट करता येतील. एका गटाला नेहमीच्या दहा सिटिंग. दुसऱ्याला दोनच भेटी: पहिलीत तपासणी, हाताने मान सैल करणे आणि पंच्याची ओढ व हनुवटीचा व्यायाम शिकवणे, दुसरीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, चुकले असेल ते दुरुस्त करणे. मध्ये आशाताईंनी एकदा घरी चौकशी करायची. सहा आठवड्यांनी दुखण्याचे आकडे तर घ्यावेतच, पण त्याबरोबर तिने किती दिवस वेचणी केली आणि उपचारापायी तिचा किती रोज बुडाला, हेही लिहून घ्यावे.